वाढीव घरपट्टीवर रस्ते-ड्रेनेज: हिशेब तपासायचा कसा?

हद्दवाढकर
1992 ला सोलापूरची हद्दवाढ झाली, त्या भागातली रस्ते-ड्रेनेजची रड अजून संपलेली नाही. त्यामुळं ‘टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग’ ऊर्फ टीआयएफची चर्चा निघाली की लोक खूश होतात. एक पट्टा आखायचा, त्या वर्षीचा मिळकतकर आधार धरून गोठवायचा, कर्ज काढून कामं करायची आणि पुढं वाढलेला कर त्याच कर्जाला लावायचा. स्मार्ट सिटीच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांतही निधीच्या पर्यायांत याचं नाव आहे. उद्या असा प्रस्ताव महासभेपुढं आलाच, तर नगरसेवकांनी आणि आपण नेमकं काय तपासायचं? ‘पारदर्शकता हवी’ वगैरे नको, कागदावर काय मागायचं ते सांगा.

आकारणी_रजिस्टर
मालक, आधी हे बघा की वाढ येणार कुठून. अमेरिकेत मिळकतीचं बाजारमूल्य ठरावीक काळानं नव्यानं ठरतं. रस्ता झाला, भाव चढला, की कर चढतो. आपल्याकडं भाडेमूल्यावर आकारणी असेल तर वार्षिक भाड्यातून 10 टक्के वजा जाऊन करयोग्य मूल्य निघतं, आणि समोर काँक्रीटचा रस्ता झाला म्हणून जुन्या घराचा आकडा आपोआप हलत नाही. खरी वाढ येते ती नवीन बांधकामातून, वाढीव मजल्यातून आणि घराचं दुकान झालं की वापरबदलातून. म्हणून प्रस्तावातल्या अंदाजाशेजारी त्या पट्ट्यातल्या गेल्या पाच वर्षांच्या बांधकाम परवान्यांची आणि वापर परवान्यांची यादी मागा. परवानेच निघत नसतील तर अंदाज हवेतला आहे.

आता आकडे. समजा पट्ट्याची आधारवर्षाची मागणी, म्हणजे बिलं लावलेला कर, 4 कोटी आणि पाच वर्षांनी 6.50 कोटी. कागदावर वाढ दिसते 2.50 कोटी. त्यातून आधाररकमेवरच्या 10 टक्के दरवाढीचे 40 लाख काढा, कारण दर अख्ख्या शहराचा वाढला, त्यात रस्त्याचा काही संबंध नाही. आधीपासून उभ्या असलेल्या, पण सर्वेक्षणात आता सापडलेल्या मिळकतींचे 60 लाख काढा. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर बिलात दिसतात, पण ते शासनाचे, महापालिका फक्त गोळा करून भरते. त्यातल्या वाढीचे 30 लाख काढा. राहिले 1.20 कोटी. वसुली 65 टक्के धरली तर हातात 78 लाख.

25 कोटींचं कर्ज, 9 टक्के व्याज, 15 वर्षं: वर्षाचा हप्ता साधारण 3.10 कोटी. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 2.25 कोटी. फरक शेवटी महापालिकेच्या सर्वसाधारण निधीतून जाणार, म्हणजे होटगी रोडच्या रस्त्याचा हप्ता देगाव-शेळगीचा करदाता भरणार. ठरावात ‘मागणी’ नको, ‘प्रत्यक्ष वसुली’ हा शब्द घालून घ्या. अर्धा घोळ तिथंच मिटतो.

लेखाआक्षेप
वरचा हिशेब बरोबर आहे, पण पैसा कुठल्या खात्यात बसतो हेही तितकंच महत्त्वाचं. महापालिका अधिनियमाच्या कलम 82 प्रमाणं कराचा पैसा महापालिका निधीत येतो. तिथून वेगळ्या एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच पैसा सोडणारं राखीव खातं) किती आणि कधी वळवायचा, हे ठरावातच हवं. नाहीतर मार्चअखेर पगार-पेन्शनची ओढाताण झाली की पहिला हात याच पैशावर पडतो.

सर्वांत जास्त सावध राहायचं ते कंपनीबाबत. स्मार्ट सिटीची कंपनी राज्य शासन आणि महापालिका यांच्या 50:50 भागभांडवलावर उभी राहिली. तिचे निर्णय संचालक मंडळ घेतं, महासभा नाही. हिशेब कंपनी कायद्याखाली, लेखापरीक्षक कॅगनं नेमलेला. तो वाईट नसतो, पण अहवाल उशिरा येतो आणि वॉर्डनिहाय काहीच सांगत नाही. वाढीव कर अशा कंपनीकडं द्यायचा असेल तर करारातच अट घाला: महापालिकेच्या मुख्य लेखापरीक्षकाला कंपनीची पुस्तकं पाहता येतील आणि तिमाही जमाखर्च स्थायी समितीपुढं येईल. करार झाल्यावर ही अट कोणी घालू देत नाही.

मुदत आणि शिलकीचंही लिहून घ्या. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अशा क्षेत्राला साधारण 23 वर्षांची मर्यादा आहे, दरवर्षी राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडं अहवाल जातो आणि शाळा, उद्यानं वगैरे कर घेणाऱ्या संस्थांचं संयुक्त मंडळ आढावा घेतं. कॅलिफोर्नियात 1952 पासून ही पद्धत होती. शाळांच्या वाट्याचा कर अडकून राज्याच्या तिजोरीवर भार पडू लागला आणि तिथल्या पुनर्विकास संस्था 2012 मध्ये बरखास्त झाल्या. कर्ज फिटल्यावर उरलेला पैसा परत महापालिका निधीत, ही ओळ नसेल तर क्षेत्र कधी संपतच नाही. ‘अजून एक चौक सुशोभित करू’ म्हणत मुदत वाढत जाते.

आणि हो, महापालिकेला कर्जासाठी शासनाची पूर्वमंजुरी लागते. मंजुरीआधी निविदा काढली असेल तर तिथंच थांबवा.

हद्दवाढकर
हे कळलं. पण मग टीपी स्कीममधला, म्हणजे नगररचना योजनेतला, सुधारणा आकार वेगळा काय? जुन्या पत्त्यांवर टीपी आणि फायनल प्लॉट नंबर असतोच की आपल्याकडं.

फायनल_प्लॉट
वेगळा आहे, आणि माझ्या मते हद्दवाढ भागाला तोच जास्त लागू पडतो. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966, कलम 99. लवाद प्रत्येक भूखंडाच्या किमतीतली वाढ काढतो. योजनेचा खर्च वाढीच्या निम्म्यापर्यंत असेल तर तो सगळा मालकांकडून, त्यापुढचा नियोजन प्राधिकरणाकडून. म्हणजे पैसे ज्याची जमीन फुगली तो देतो आणि लवादापुढं हरकतही घेऊ शकतो. टीआयएफमध्ये अंदाज चुकला तर बिल शहराच्या नावावर. दोन्ही एकाच पट्ट्यावर लावले तर एकाच वाढीवर दोनदा वसुली होते, हे आधी तपासा. विकास शुल्कही त्याच कायद्यातलं आणि त्याचा निधी वेगळा ठेवायचा असतो. तो आधी खर्च झालाय का ते विचारा, मग कर्जाचं बोला.

आकारणी_रजिस्टर
माहिती अधिकारात काय मागायचं ते राहिलं. नमुना अ, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांत. करसंकलन आणि अभियांत्रिकी एका अर्जात घातलं तर तेवढ्यावरच अर्ज अडू शकतो. ‘का’ विचारू नका, कागद मागा. पहिल्या अर्जात आधारवर्षापासूनचा पेठ किंवा झोननिहाय मागणी-वसुली-बाकी तक्ता आणि नवीन आकारणी झालेल्या मिळकतींची वापर परवान्याच्या तारखेसह यादी. दुसऱ्यात मापन पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापाची नोंदवही), धावती देयकं (काम चालू असताना ठेकेदाराला दिलेली बिलं) आणि कामांचा क्रम. क्रम मुद्दाम बघा: पाण्याची लाईन, ड्रेनेज, मग रस्ता. काँक्रीट आधी झालं तर तोच रस्ता पुन्हा खोदला जाईल आणि दुरुस्तीही याच कर्जात घुसेल. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ.

लेखाआक्षेप
एक तारीख लक्षात ठेवा. पुढच्या वर्षाचे करांचे दर महासभेनं 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. दरवाढ ‘वाढीत’ मोजायची नाही, हा खुलासा त्याच ठरावाला जोडून घ्या.