चिचुंद्री विषारी असते का?

चिचुंद्री चावली तर विष चढतं का, असं वर विचारलंय. इथे सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताच्या पोत्यांमागे ती हमखास दिसते, आणि 'हात लावू नको, विषारी आहे' हेही हमखास ऐकू येतं. तो उग्र दर्प विषाचा नाही, कुशीतल्या गंधग्रंथींचा. आणि ती उंदीर नव्हेच. किडे खाणाऱ्या श्रू कुळातली.

पण समजूत अगदीच हवेतली नाही. याच कुळातल्या उत्तर अमेरिकेतल्या आखूड शेपटीच्या श्रूची लाळ खरोखर विषारी असते. सापासारखे पोकळ दात नाहीत. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी नलिका उघडते आणि चावताना लाळ जखमेत झिरपते. तिच्यातलं ब्लॅरिना टॉक्सिन रक्तातल्या प्रथिनांपासून कायनिन नावाचे छोटे तुकडे सुटे करतं; रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. भक्ष्य लुळं पडतं पण मरत नाही, म्हणजे बिळात ताजा साठा! माणसाला चावली तर सूज आणि ठणका, त्यापुढे मजल जात नाही.

विषारी सस्तन प्राण्यांतल्याच प्लॅटिपसची, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अंडी घालणाऱ्या प्राण्याची, तऱ्हाच निराळी. विष फक्त नराकडे, तेही मागच्या पायाच्या काट्यात. विणीच्या हंगामात ते वाढतं, त्यामुळे रोख भक्ष्यापेक्षा प्रतिस्पर्धी नरांवर असावा. माणसाला तो काटा टोचला तर मॉर्फिनसारखं जबर वेदनाशामक देऊनही कळ हटत नाही.

चिचुंद्री चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. विषासाठी नव्हे, जंतूंसाठी.