फोटो ताणून मोठा केलाय का, हे कसं ओळखायचं?

तिसरा_डोळा
छायाचित्र स्पर्धेची अट अशी: लांब बाजू किमान ३००० पिक्सेल, आणि फोटो सॉफ्टवेअरने मोठा केलेला नसावा. काही जेपीईजी मोजून ३०००चेच आहेत आणि १०० टक्क्यांवर मऊ दिसतात. फोकस चुकलाय की लहान फोटो ताणलाय? एक्झिफ (फाइलमधली कॅमेरा, तारीख वगैरे माहिती) कोरं आहे. ईएलएमध्ये (फोटो पुन्हा जेपीईजी करून कुठे किती फरक पडतो ते दाखवणाऱ्या चाचणीत) सगळं सारखंच काळपट दिसतं.

पिक्सेलपारखी
ईएलए इथे चालणार नाही. बाहेरून आणून चिकटवलेला तुकडा त्यात कधी कधी उठून दिसतो. अख्खा फोटो ताणला असेल तर सगळीकडे एकसारखाच बदल होतो. कोरं एक्झिफही काही सिद्ध करत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ते काढूनच टाकतं.

फूरिए रूपांतर (एफएफटी) करा; त्याच्या चित्रात ठळक आकार केंद्राजवळ आणि बारीक तपशील केंद्रापासून लांब, उजेडाच्या रूपात दिसतात. त्यासाठी इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फोटो ८-बिट ग्रे करा, पानं, खडी किंवा कापड असलेला ५१२×५१२चा चौकोन निवडा (आकाश नको, तिथे तपशीलच नसतो) आणि एफएफटी चालवा. मधल्या उभ्या-आडव्या फुलीची सलग रेघ सोडून द्या, ती तुकड्याच्या कडा जुळत नसल्यामुळे येते; त्या अक्षांवरचे सुटे ठिपके मात्र बघा.

आता ठिपके मोजा. जेपीईजी ८×८च्या चौकड्यांत दाबतं, म्हणून अक्षांवर केंद्रापासून दर ६४ पिक्सेलला ठिपका येणं स्वाभाविक आहे. पण जेपीईजी ताणली की तिच्या चौकड्याही ताणल्या जातात. दीडपट केली तर चौकडी १२ची होते आणि ठिपके ५१२÷१२, म्हणजे सुमारे ४३वर येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या दर्जात आलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० असते; ती ३००० केली की चौकडी १५ची, ठिपके ३४च्या आसपास. ६४च्या ओळीत बसत नाहीत असे ठिपके दिसले की मूळ आकारही काढता येतो.

काळोखी_खोली
वरच्यात एक भर. मूळ फाइल जेपीईजी नसेल किंवा अगदी हलकी दाबलेली असेल, तर हे ठिपके दिसणार नाहीत. तेव्हा एफएफटीच्या चित्रात उजेड कुठवर पोचतो ते पाहा. १६००वरून ३००० केलेल्या फोटोत तो मधल्या साधारण २७३ पिक्सेलच्या चौकोनात अडकतो आणि बाहेर एकदम अंधार होतो. फोकस चुकलेल्या फोटोत तो गोलाकार, हळूहळू विरतो. ६०००वरून ३०००वर आणलेला फोटो कडांपर्यंत भरलेला दिसतो. त्याला दोषी धरू नका.

मात्र जोरदार नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवणं) किंवा कमी दर्जाचं जेपीईजीही बाहेरचा भाग रिकामा करतं. नुसत्या अंधारावर कुणाला बाद करणं अन्याय होईल. त्याच फोटोचे तीन-चार तुकडे तपासा.

तिसरा_डोळा
एका फाइलमध्ये ३४ला स्पष्ट ठिपके आहेत, धन्यवाद. एआयने मोठे केलेले कसे पकडायचे?

पिक्सेलपारखी
तिथे ही पद्धत लंगडी पडते. एआय नवा तपशील रचून रिकामी जागा भरून काढतं. दूरच्या पाट्यांवरची अक्षरं, केस, जाळी बघा: अक्षरासारखं दिसतं पण वाचता येत नाही. तरी हा संशयच, पुरावा नव्हे. अंतिम फेरीत कॅमेऱ्याची रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल मागा, एनईएफ, सीआर३ किंवा एआरडब्ल्यू. डीएनजी (अ‍ॅडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) आली तर ती कॅमेऱ्यातूनच निघाली का ते तपासा, कारण अ‍ॅडोबीचं सुपर रिझोल्यूशन दोन्ही बाजू दुप्पट करून डीएनजी देऊ शकतं. आणि रॉची ही अट प्रवेशिका मागवतानाच नियमांत लिहा.