उरलेल्या टर्कीचं सँडविच: कोरडं मांस, भिजलेला ब्रेड

थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला सण, त्यात टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजतात) दुसऱ्या दिवशी सँडविचमधली टर्की कोरडी लागते आणि ब्रेड मात्र लगदा होतो, अशी दोघांची तक्रार आहे. कोरडेपणाचं कारण बहुधा मायक्रोवेव्ह. छातीच्या मांसात चरबी जवळपास नसतेच, दुसऱ्यांदा तापवलं की उरलंसुरलं पाणीही जातं. म्हणून ते थंड असतानाच, धाग्यांना आडवं, ३-४ मिलिमीटर जाड कापा. पॅनमध्ये दोन-तीन चमचे ग्रेव्ही (टर्की भाजताना सुटलेल्या रसाचा दाटसर सॉस) उकळून त्यात काप घाला, झाकण ठेवून काप आतपर्यंत वाफाळते गरम होऊ द्या. मांडीचं मांस थोडं मिसळलंत तर चव कितीतरी खुलते.

ब्रेड भिजतो तो क्रॅनबेरी सॉसमुळे (आंबट लाल बेरींचा गोडसर सॉस). सावरडो (आंबवलेल्या पिठाचा घट्ट ब्रेड) किंवा साध्या ब्रेडचे जाड काप घ्या, तव्यावर भाजा आणि आतल्या दोन्ही बाजूंना कडेपर्यंत मेयो (मेयोनीज) लावा, म्हणजे ओल आत शिरत नाही. सॉस एक चमचा पुरे, तोही टर्की आणि चीजच्या मधे. स्टफिंग (टर्कीबरोबर खातात ते ब्रेडचं सारण) उरलं असेल तर त्याची चपटी टिक्की लोण्यात खरपूस परतून घाला. मऊ तसंच भरलं तर सगळं पिठूळ लागतं.

टर्की ओव्हनमधून बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत हाडांवरून काढून फ्रिजमध्ये गेली पाहिजे. चार दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीझ करा.