पाणी दिले, पाणी चढले, पाणी उतरले: टेंपरिंगला मराठीत म्हणायचे काय?

अंगणभट्टी
मंडळी, अडलोय. घरामागे लहानशी भट्टी मांडून लोखंडकाम करू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी चार पानी टिपण मराठीत लिहितोय. ब्रेक ड्रमची भट्टी, हेअर ड्रायरचा वारा, रुळाच्या तुकड्याची ऐरण, इथवर गाडी सुरळीत चालली. घोडं अडलं ते सुरी कडक करण्याच्या प्रकरणात.

पोलाद लाल करायचं. ७७० अंश सेल्सियसच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. ही पहिली क्रिया. आता ते कडक झालं, पण हातातून पडलं तर काचेसारखं फुटेल इतकं ठिसूळही झालं. म्हणून पुन्हा २०० ते २५० अंशांवर तापवून थोडा कडकपणा काढून घ्यायचा. ही दुसरी. म्हणजे क्वेंचिंग आणि टेंपरिंग. मी पहिलीला 'पाणी देणे' आणि दुसरीला 'पाणी उतरवणे' लिहून मोकळा झालो.

खर्डा शेजारच्या काकांना दाखवला. काका जन्मभर फिटर. ते उखडलेच. "पाणी उतरलं म्हणजे हत्यार मेलं. ग्राइंडरवर दाबून धरलं, धार निळी पडली, की आम्ही म्हणायचो पाणी उतरलं. तू काय लोकांना हत्यारं मारायला शिकवतोयस?" त्यांच्या मते 'पाणी देणे' म्हणजेच टेंपरिंग. मग क्वेंचिंगला काय, असं विचारलं तर म्हणाले, "बुडवणे."

तुमच्याकडे काय म्हणतात?

मोडीवाचक
काका बरोबर आहेत, पण 'बुडवणे' ही काही परिभाषा नव्हे. क्वेंचिंगला 'शमन' आणि टेंपरिंगला 'मृदूकरण' वापरावे. तापवून अगदी सावकाश थंड करण्याला विश्वकोशात 'अनुशीतन' असा सुरेख शब्द आहेच. त्याच घराण्यातले शब्द घेतले की टिपणाला शिस्त येईल.

वर्कशॉपवाली
शमन म्हटलं की मला पित्त आठवतं. पुण्यातल्या एकाही कारखान्यात "जरा शमन करून आण" असं कोणी म्हणालेलं ऐकलं नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. आमच्याकडे "हार्डनिंग-टेंपरिंग करून आण" असा एका दमात म्हणायचा एकच शब्द आहे. घाई असेल तर "हिट ट्रीटला टाक". पोराला कळतं, काम होतं.

मोडीवाचक
काम होतं म्हणून भाषा होते असं नाही. 'महापौर' सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच होते. आज कोणी हसत नाही.

वर्कशॉपवाली
महापौर हातात तापलेली सळई धरून उभा नसतो हो.

घाटाखालचा
दोघंही थांबा जरा. आमच्या गावच्या लोहाराकडे मी लहानपणी तासन्‌तास बसलोय, शाळा बुडवून. छिन्नीला पाणी देताना तो काय करायचा ते सांगतो, मग शब्द बघू.

छिन्नीचं तोंड चांगलं चार बोटं तापवायचा. त्यातलं बोटभरच पाण्यात, तेही एका जागी न धरता वरखाली हलवत, नाहीतर पाण्याच्या रेघेवर तडा जातो. बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर खसाखसा घासायचा, की काळी खपली निघून तोंड उजळ. मग हातातलं सगळं सोडून नुसता बघत राहायचा. मागे राहिलेली धग पुढे सरकते आणि त्या उजळ भागावर रंग धावत येतात: आधी पिवळा, मागोमाग तपकिरी, जांभळा, मग निळा. जांभळा तोंडाशी पोचला रे पोचला की अख्खी छिन्नी पाण्यात. झालं.

आता यातलं क्वेंचिंग कुठलं आणि टेंपरिंग कुठलं? दोन्ही एकाच तापात उरकलं. त्याला तोडून विचारलं असतं तर त्याने सांडशी फेकून मारली असती. पाणी हे त्याच्या लेखी करायचं काम नव्हतंच, पोलादाच्या अंगातला गुण होता. तो दिला जातो, चढतो, उतरतो, जास्तही होतो. "पाणी जास्त झालं, तुटंल" असं तो म्हणायचा आणि परत शेगडीत घालायचा. अंगणभट्टी, तुम्हाला दोन शब्द हवेत कारण तुम्ही तेलाच्या डब्यापासून उठून ओव्हनकडे जाता. तो जागचा हलतच नव्हता.

अंगणभट्टी
हे झकास! पण माझी अडचण तशीच राहिली. माझा वाचक सुरी करणार. लांब पातळ पात्यात मागे धगच उरत नाही, त्यामुळे त्याला ओव्हनकडे जावंच लागतं. त्या दुसऱ्या फेरीला नाव हवंय. 'शेक देणे' कसं वाटतं?

झारा
शेक गुडघ्याला देतात. 😀

आणि एक मूलभूत शंका. तुम्ही ट्रकच्या कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगची) सुरी करणार, म्हणजे तेलातच बुडवणार. ते पोलाद साध्या पाण्यात घातलं तर चिरतं. मग तेलात बुडवून 'पाणी दिलं' म्हणणारे तुम्ही कोण?

आबदार
अहो तोच तर मुद्दा. हे पाणी म्हणजे नळाचं पाणी नाहीच. फारसीत 'आब' म्हणजे पाणीही आणि हत्याराची लकाकी, तेजही. 'आब दादन' म्हणजे पोलादाला पाणी देणं, शब्दश: तेच. आपल्या 'पोलाद' शब्दाचं मूळही फारसीच. कारागीर आले, हत्यारं आली, शब्दही आला आणि आपण त्याचं भाषांतर करून घेतलं. मराठी 'पाणीदार' हे माझ्या मते 'आबदार'चंच धाकटं भावंड.

मोडीवाचक
दरवेळी सगळं इराणहून आणायची काय हौस आहे कळत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आठव्या अध्यायात शस्त्रांची 'पायना' सांगितली आहे. पायना म्हणजे पाजणे. ती तीन प्रकारची: क्षार, उदक आणि तैल. क्षार पाजलेली शस्त्रे बाण, शल्य, हाड कापायला, पाणी पाजलेली मांसासाठी आणि तेल पाजलेली शीर फोडायला व स्नायू तोडायला. म्हणजे तेल पाजणे हे ट्रकच्या कितीतरी आधीचे. झारा यांच्या शंकेचेही उत्तर यातच आले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर तलवारीला घोडीचे, उंटिणीचे, हत्तिणीचे दूध पाजायचे उल्लेख आहेत.

झारा
अंगणभट्टी, टिपणात लिहा: हत्तिणीचं दूध न मिळाल्यास गोडेतेल चालेल.

आबदार
सुश्रुताबद्दल वाद नाही. पण संस्कृतात होतं म्हणून मराठी लोहाराच्या तोंडी तिथूनच आलं हे सिद्ध होत नाही. दोन ठिकाणी एकच कल्पना सुचू शकते. लाल लोखंड पाण्यात घातलं की ते पाणी पितंय असं कोणालाही वाटेल, आवाज तसाच येतो.

मोडीवाचक
हेच वाक्य फारसीलाही लागू पडते.

बालाघाटी
आमच्या आजोबांकडे या दोन्हीपेक्षा वेगळा शब्द होता. फाळ बोथट झाला की ते म्हणायचे "फाळ शेवटून आणतो". पहार, कुदळ, टिकाव, सगळं शेवटायला जायचं. लोहार टोक तापवून ठोकून परत अणकुचीदार करायचा आणि पाणी देऊन परत द्यायचा. पैसे नाहीत, सुगीला धान्य. बलुतं होतं ते. 'शेवटणे' या शब्दात ठोकणं, टोक काढणं, पाणी देणं सगळंच आलं. हल्ली आमच्याकडे लोक "पॉइंट काढून आण" म्हणतात.

आणि पोलादाला त्यांच्या तोंडी 'तिखं'. "तिख्याची पहार हाय, वाकायची न्हाई." साधं ते लोखंड आणि पाणी धरतं ते तिखं, इतका सरळ हिशेब.

अंगणभट्टी
'तिखं' कमाल आहे! नवशिक्यांना हेच समजावताना माझी दमछाक होते, की दुकानातली बांधकामाची सळई किंवा साधी पट्टी कितीही बुडवा, कडक होणार नाही, कार्बनच पुरेसा नाही. कानस, कमानपाटा असलं काही घ्या. 'पाणी धरणे' हाही शब्दप्रयोग मी उचलतो.

वर्कशॉपवाली
तिखं म्हटलं तर शहरातला पोरगा चटणी समजेल. पोलादच ठीक आहे, फारसी असो नाहीतर कसलंही.

उंबरठा
घिसाडी लोकांचा कोणी विचारच केला नाही. आमच्या गावाबाहेर दरवर्षी त्यांच्या गाड्या सुटायच्या. जमिनीत खड्डा करून शेगडी, शेजारी भाता. नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि घण बायकोच्या हातात, पदर कमरेला खोचून. नवरा लहान हातोडीने जिथे टिचकी मारेल तिथे तिचा घण पडायचा. थांबायचं असलं की तो हातोडी ऐरणीवर आडवी वाजवायचा, एक शब्द न बोलता. त्यांची बोली गुजरातीच्या वळणाची, त्यामुळे आपसात पाणी देण्याला काय म्हणतात कोण जाणे. गिऱ्हाइकाशी मात्र "पानी मारून देतो" म्हणायचे. म्हणजे 'देणे', 'चढवणे', 'पाजणे' यात 'मारणे'ही धरा.

घाटाखालचा
आमच्याकडे कोयती 'पाजवतात'. पाणी पाजणे, त्यावरून पाजवणे. मोडीवाचकांच्या पायनेशी जुळतंय बघा.

आबदार
नाही जुळत. पाजवणं म्हणजे दगडावर घासून धार लावणं. त्यात ना ताप, ना बुडवणं. सहाणेवर पाणी शिंपडतात एवढाच काय तो पाण्याचा संबंध. उद्या म्हणाल 'परजणे'ही तिथूनच आलं.

घाटाखालचा
अहो, पण आमची आजी दगडावर घासण्याला "धार काढणे" म्हणायची आणि लोहाराकडे पाठवायचं असलं की "पाजवून आण". दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्याकडे एकच असेल.

आबदार
आजी विरुद्ध कोश असा सामना असेल तर मी माघार घेतो.

सुट्टा रॉड
मी गेट-ग्रिलवाला. पाणीबिणी आमच्यात नाही. पण टिपणात वेल्डिंग असणारच, तिथे कृपया 'वितळजोडकाम' लिहू नका. आमचा पोरगा वाचताना मध्येच चहा पिऊन येईल.

मोडीवाचक
विश्वकोशातला शब्द आहे तो. वितळवून जोडणे, अर्थ उघड आहे.

घाटाखालचा
आणि लोहाराचा जोड? दोन तुकडे पांढरे होईस्तोवर तापवायचे, वर टाकणखार भुरभुरायचा, खपली वितळून वाहून जाते, मग ऐरणीवर ठेवून ठोकायचं. तुकडे एकजीव होतात, पण लोखंड कुठेही वितळत नाही. वितळलं तर ठिणग्या फुटतात आणि माल जळतो. म्हणजे मूळ वेल्डिंग, हजारो वर्षांचं, तुमच्या वितळजोडात बसतच नाही. तो नुसता 'जोड'. "जोड बसला", "जोड उलला".

मोडीवाचक
हा आक्षेप ग्राह्य आहे. मग 'झाळणे' घ्या.

वर्कशॉपवाली
झाळणं सोनाराचं. त्यात वेगळ्या धातूचा डाग भरतात, मूळ वस्तू वितळत नाही. म्हणजे हेही बसत नाही.

बालाघाटी
डाग नव्हे, डाक.

झारा
डाख!

सुट्टा रॉड
आमच्यात सगळ्याला 'मारणे'. रॉड मार, टाका मार, फुल मार. टाका म्हणजे दोन्ही टोकांना ठिपका, जागा हलू नये म्हणून. कोनात बसलंय का बघायचं, मग पूर्ण शिवण ओढायची. एका बाजूने सलग ओढली तर थंड होताना फ्रेम खेचते, गुण्यातून जाते, म्हणजे काटकोन बिघडतो.

आबदार
हा 'टाका' इंग्रजी 'टॅक'चा अपभ्रंश असणार.

सुट्टा रॉड
का? शिंपी टाका घालतो, डॉक्टर टाके घालतो, मी घातला की इंग्रजी? वर 'शिवण' लिहिलंय ते दिसलं नाही वाटतं. इंग्रजी 'टॅक'ही कच्च्या शिवणीलाच म्हणतात, माझा मुलगा सांगत होता. नशिबाने दोन शब्द सारखे वाजले, म्हणून आम्हाला कधी शिकावं लागलं नाही.

आबदार
दोन ठिकाणी एकच कल्पना सुचू शकते, हे मीच वर लिहिलंय, त्यामुळे गप्प बसतो.

वर्कशॉपवाली
अंगणभट्टी, शब्द राहू द्या, टिपणात हे आधी घाला: जस्ती पाइपला घरी वेल्डिंग मारू नका. पांढरा धूर निघतो, छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि उघड्या डोळ्यांनी टाकाही मारू नका. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचं.

उंबरठा
त्या डोळे लागण्याला काय म्हणतात तुमच्याकडे? आमच्या गावातले वेल्डर "चमक लागली" म्हणतात.

सुट्टा रॉड
"आर्क लागला". चमक कमरेत भरते.

अंगणभट्टी
सगळ्यांचे आभार. तूर्तास असं लिहिलंय: "पात्याला तेलात पाणी द्या. मग ओव्हनमध्ये शेक द्या, म्हणजे जास्त झालेलं पाणी बेताचं होईल. गवती पिवळा रंग आला की थांबा." 'उतरवणे' काढून टाकलं. काकांनी वाचलं, म्हणाले, "तेलात पाणी? हे कोणी लिहिलं?" पण ओव्हनच्या वाक्याबद्दल काही बोलले नाहीत.

मोडीवाचक
'तेल पाजा' लिहा. सुश्रुताचा आधार आहे.

वर्कशॉपवाली
हार्डनिंग-टेंपरिंग.

झारा
टिपण मुठीपर्यंत पोचलं असेल तर विचारून घेतो. मूठ चिरू नये म्हणून पात्याच्या बाजूला जी लोखंडी कडी बसवतात, ती शेंबी की शेमी?

बालाघाटी
शेंबी. खुरप्याला असते ती.

घाटाखालचा
शेमी. काठीच्या टोकाला असते ती शेंबी.