मदत हवी आहे : ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांची माहिती

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. उजनीच्या फुगवट्यावरचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आमच्या पोरांनी पाहिलेत. पण ठाण्याच्या खाडीतही ते हजारोंनी उतरतात हे कळल्यावर वर्गात प्रश्नांचा पाऊसच पडला.

खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ला झालं, २०२२ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, इतपत मी सांगितलं. छोटा रोहित (ही रोहितांची एक जात) चोच उलटी धरून पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, हेही. पण सांडपाणी, गाळ, भराव यांनी खाडीतली त्यांची चरायची चिखलाची जागाच बिघडली तर? नवी मुंबईतल्या एका तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं आणि २०२४मध्ये तिथे रोहित मेले, हे वाचल्यापासून माझंही मन थाऱ्यावर नाही. खाडीला भरती आली की हे पक्षी अशाच तळ्यांवर विसावतात ना!

ठाणे, ऐरोली, नेरूळकडचं कुणी आहे का इथे? भरती-ओहोटीच्या वेळचे तुमचे स्वतःचे फोटो मिळतील का? आणि खाडीत भराव पडताना दिसला तर तक्रार नेमकी कुठे करायची? मुलांना पत्र लिहायचंय, पत्ता चुकायला नको. पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन आहे.