मदत हवी आहे: विंडोज आणि उबुंटूच्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ (लिनक्स) या दोन कार्यप्रणाली एकाच एसएसडीवर असून ग्रबमधून (कोणती प्रणाली सुरू करायची ते निवडण्याचा मेनू) दोन्ही नीट सुरू होतात. मात्र रात्री ९ वाजता उबुंटू बंद करून विंडोज उघडल्यास घड्याळ दुपारचे ३:३० दाखवते. उबुंटू मदरबोर्डवरील घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढे कारण कळले आहे. टाइमझोन दोन्हीकडे भारताचाच आहे; फरक नेमका साडेपाच तासांचा असल्याने मदरबोर्डच्या बॅटरीवर संशय नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवली तरी पुन्हा तेच होते, शिवाय घरी इंटरनेट कायम नसते. उबुंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येते, पण ती आज्ञाच इशारा देत असल्याने थांबलो. विंडोजलाच यूटीसी मानायला लावण्यासाठी तिच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद करायची झाल्यास ती डीवर्ड (३२ बिट) असावी की क्यूवर्ड (६४ बिट), आणि त्याआधी फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) बंद करावे लागेल का?