मदत हवी आहे : लहान आतड्याचं अस्तर कशाचं करावं?

नमस्कार मंडळी. माझी ७वीतली लेक पचनसंस्थेची खऱ्या मापाची प्रतिकृती करते आहे. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर, मोठं आतडं दीड मीटर. तेवढं अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सामानात जमलं. अडलंय लहान आतड्यापाशी. सुमारे ६ मीटर पारदर्शक नळी वेटोळी करून बसवली, पण पचलेलं अन्न रक्तात शोषलं जातं ते आतल्या अस्तरावरच्या बोटांसारख्या, अगदी बारीक, मिलिमीटरभर उंचवट्यांतून. ते नसतील तर ही नुसती पाण्याची नळी, असं ती म्हणते, आणि मला पटतं. मखमल लावावी की टॉवेलचं कापड? नळी उभी चिरावी का? बोहरी आळीत असं काही मिळेल का? रविवारपर्यंत हवंय.